नळाविना एस्प्रेसो

लग्नाच्या मांडवात, पंगतीपासून जरा बाजूला, चकचकीत उभा बॉयलर फुसफुसत असतो. शेजारी दुधाचं पातेलं, इन्स्टंट कॉफीचा डबा आणि कागदी कपांची चळत. आपल्या लग्नांतली ‘एस्प्रेसो’ ती हीच. इटलीतल्या कॉफीशी तिचं नातं वाफेपुरतंच, पण हे यंत्र नळाशिवाय बिनबोभाट चालतं. केटररचा माणूस नरसाळं लावून पाणी भरतो, झाकण आवळतो आणि आच देतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा एका बारने वाढला, की पाणी सुमारे १२० अंशांवर उकळू लागतं.

एवढ्याशा भांड्यावर शेकडो पाहुणे कसे निभतात? दीडशे मिलिलिटर दूध २५ अंशांवरून ७० अंशांवर न्यायला साधारण २७ किलोज्यूल उष्णता लागते. वाफेचं पुन्हा पाणी होताना एका ग्रॅममागे २.२ किलोज्यूल सुटतात, शिवाय ते पाणी निवताना थोडी भर पडते. म्हणजे कपामागे खर्च जेमतेम अकरा-बारा ग्रॅम वाफेचा. पाचशे कपांना सहा लिटर पाणी झालं! (ते दुधातच मिसळतं, हे वेगळं सांगायला नको.) मध्येच पाणी संपलं तर मात्र घाई नको. आच बंद करून, सगळी वाफ सोडून, काटा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

कॅफेतल्या यंत्राची गोष्ट निराळी. लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला ते मिलानचं यंत्र वाफेच्याच जोरावर चाले. १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई६१ आलं. त्यात विजेचा पंप थेट नळाचं पाणी घेऊन कॉफीवर नऊ बार दाबाने सोडू लागला. अशा मोठ्या यंत्रांना नळाची सवय असते.

नळजोडणी नसेल तर टाकी उंचावर ठेवून भागेल का? दहा मीटर उंचीला एक बार, हा ढोबळ हिशेब. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याची महामार्गालगतची हनुमानाची मूर्ती १०५ फुटी, म्हणजे ३२ मीटर. तेवढ्या उंचीवर टाकी नेली तरी खाली मिळणार तीन बार. नऊ बारसाठी तशा तीन मूर्तींची उंची हवी!

सुदैवाने नऊ बार यंत्राचा स्वतःचा पंप तयार करतो. त्याच्या तोंडाशी पाणी पोचलं, की झालं. लहान यंत्रातला पंप आपल्या टाकीतून पाणी ओढून घेतो, तिथे प्रश्नच नाही. मोठ्या यंत्रातला फिरत्या पात्यांचा पंप मात्र कोरडा चालला की पाती झिजतात. म्हणून काउंटरखाली वीस लिटरचा जार, त्यात नळी आणि पुढे छोटा डायफ्रॅम पंप. दोन-तीन बार दाब झाला की प्रेशर स्विच तो बंद करतो. मध्ये रबरी पडद्याची, हवा भरलेली छोटी टाकी बसवायची, नाहीतर प्रत्येक घोटाला पंप चालू-बंद होत राहतो. जार रिकामा होताच सगळं थांबवणारा फ्लोट स्विच हवाच. घरगुती आरओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला यातलं काही नवं नाही.

खरी मेख पाण्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात येतो. नांदुरा तालुक्याचा नदीकडचा भाग त्यातच मोडतो. विहिरी-बोअरच्या मचूळ पाण्यात सोडियमचे क्षार असतात. वाफ निघून जाते, क्षार बॉयलरमध्येच उरतात. लिटरला एक ग्रॅम क्षार धरले, तर मांडवातल्या त्या सहा लिटरमागे सहा ग्रॅम साचले. कॅल्शियमचा पांढरा थर निदान डोळ्यांना दिसतो. मचूळ पाण्यातल्या क्षारांतलं क्लोराइड मात्र स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. सॉफ्टनर लावून उपयोग नाही, कारण तो कॅल्शियम काढून सोडियमच घालतो, क्लोराइडला हातही लावत नाही.

तेव्हा इथे बोअरपेक्षा आरओचा जार बरा, पण डोळे झाकून नव्हे. कॉफीवाल्यांच्या मानकात लिटरमागे ७५ ते २५० मिलिग्रॅम क्षार चालतात, १५० उत्तम. त्याहून फार कमी असतील तर कॉफी पांचट लागते. शिवाय बॉयलरमधली पातळी मोजणारी कांडी पाण्यातून वीज वाहते की नाही यावरच ओळखते. अतिशुद्ध पाण्यातून ती नीट वाहत नाही, मग भरलेला बॉयलर यंत्राला रिकामा वाटतो आणि ते पाणी घेतच राहतं. यावर उपाय खनिजं परत मिसळणाऱ्या कार्ट्रिजचा.

नांदुऱ्यात कॅफे काढणाऱ्याने नळजोडणीसाठी अडून बसू नये. यंत्राची ऑर्डर देण्याआधी टीडीएस मीटर घ्यावा आणि जारवाला बदलला की पाणी पुन्हा मोजावं. मीटर एकूण क्षार दाखवतो, त्यात मीठ किती आणि कॅल्शियम किती हे सांगत नाही. त्यासाठी एकदा तरी प्रयोगशाळेतून क्लोराइड आणि कठीणपणा तपासून घ्यावा.