रजेचा अर्ज कसा लिहावा?

दिवस गेल्याची बातमी कचेरीत कधी कधी सासूबाईंच्याही आधी पोचते. कुणी खिडकीजवळची जागा देते, कुणी डब्यातून लिंबाचे लोणचे आणते. मग एके दिवशी ती बाई कामावर येत नाही. आठ दिवसांनी येते, तेव्हा तिच्या टेबलाजवळून जाताना सगळ्यांनाच घाईचे काम निघते.

वास्तविक आठ दिवसांत तिने परत यायलाच नको होते. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने गर्भपातानंतर 6 आठवड्यांची भरपगारी रजा दिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. डॉक्टरांचा दाखला जोडला की झाले. त्यातून आजारपण ओढवलेच तर आणखी महिनाभर रजा मिळते. एवढेच नव्हे, या 6 आठवड्यांत तिला जाणूनबुजून कामाला लावणे मालकाला मना आहे. ही सोय फक्त मोठ्या गिरण्यांपुरती आहे असे समजू नका. दहा नोकर असलेल्या दुकानालाही ती लागू आहे. 26 आठवड्यांनंतर मूल मृत जन्मले, तर कायद्याच्या लेखी ती प्रसूतीच, आणि रजाही प्रसूतीची.

आणि आपल्या बायका काय करतात? ‘पोट बिघडले’ असे लिहून किरकोळ रजा खर्चतात! लाज कसली वाटते, देव जाणे. साहेबांना खरे कारण सांगावे, एका विश्वासू मैत्रिणीला सांगावे, आणि बाकीच्यांच्या कानी घालण्याचे काम तिच्यावरच सोपवावे; म्हणजे जिन्यात ‘कितवा लागला गं?’ हा प्रश्न येत नाही. सहकाऱ्यांनीही ‘वय आहे अजून, होईल दुसरे’ हे सांत्वन घरीच ठेवावे. ‘फार वाईट झाले, तुझ्या फायली मी पाहते’ एवढे पुरे.

दत्तकाची गोष्ट याहून अवघड. ती रजा मूल हाती आल्या दिवसापासून मोजतात. संस्थेने दाखवलेले मूल पसंत पडले, नाव ठरले, आणि ऐनवेळी फिसकटले, तर ना रजा, ना दाखला. हे दुःख दिसत नाही म्हणून कमी नसते. अशा बाईने आपली हक्काची रजा मागावी आणि कारण खरे लिहावे. साहेब समंजस असेल तर हरकत घेणार नाही. आणि पाळण्यासाठी कचेरीत वर्गणी काढली असेल, तर तिचे काय करायचे ते मंडळींनी आपसात ठरवावे. तिला विचारायला जाऊ नये.