जाळे कोणते विणावे?

एखादे बांधकाम भार सोसेल की नाही, हे ते बांधण्यापूर्वी कसे कळते, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. साध्या तुळईचे गणित कागदावर सुटते. परंतु आकार वेडावाकडा असला की सूत्रे अपुरी पडतात. मग अभियंते त्या बांधकामाचे कल्पनेने लहान लहान तुकडे पाडतात, ते ठरावीक बिंदूंशी एकमेकांस जोडतात आणि त्यातून उद्भवणारी हजारो समीकरणे संगणकाकडून सोडवून घेतात. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी १९५६ साली विमानाच्या रचनेसाठी ही रीत मांडली. १९६० साली क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. आपण तिला घटक-पद्धती म्हणू.

आता हे तुकडे कोणत्या जातीचे घ्यावेत? लोखंडी कैचीला दांड्यासारखा घटक पुरतो, पातळ घुमटाला कवचासारखा लागतो, तर जाडजूड सांध्याला घन घटक हवा. येथपर्यंत निवड सोपी आहे. खरी मेख पुढे आहे. केवळ तीन कोपऱ्यांवर बेतलेला साधा त्रिकोण घ्या. भाराखाली त्याच्या कडा सरळच राहतात आणि त्याच्या पोटात सर्वत्र एकच प्रतिबल धरले जाते. उलट, दोन टोकांवर टेकलेली तुळई वाकते तेव्हा तिच्या वरच्या अंगास दाब असतो व खालच्या अंगास ताण. अशी तुळई मोजक्या मोठ्या त्रिकोणांनी रचली, तर ती गणितात आहे त्याहून ताठ ठरते आणि तिचा वाक कमी दिसतो. प्रत्येक कडेच्या मध्यावर आणखी एक बिंदू दिला की कडा वळू शकते व उत्तर सुधारते. मात्र समीकरणे वाढतात.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी ‘स्लाइप्नर ए’ या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीसाठी पाण्यात उतरविला जात असता सुमारे ६५ मीटर खोलीवर त्याची एक भिंत फुटली आणि तो तळाशी गेला. सुदैवाने माणसे वाचली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरांचे झाले. चौकशीत आढळले की तीन भिंती मिळतात तेथील घटक विरळ व तिरकस होते. त्यामुळे कातर-प्रतिबल ४७ टक्के कमी धरले गेले होते. त्यात सळयांची बांधणीही अपुरी पडली. मागाहून काळजीपूर्वक केलेल्या गणिताने ६२ मीटरवर ही भिंत फुटेल असे दाखविले!

म्हणून जेथे प्रतिबल झपाट्याने बदलते तेथे जाळे दाट व सुडौल विणावे, ते आणखी बारीक करून उत्तर स्थिरावते का ते पाहावे आणि हातच्या ढोबळ हिशेबाशी ताडून घ्यावे. सदोष जाळ्यावरही संगणक तितक्याच ठामपणे आकडे छापतो. त्यांवर विश्वास किती ठेवायचा, हा विवेक माणसालाच करावा लागतो.