सराट्याचा बंदोबस्त

शेतकऱ्याचे शत्रू पुष्कळ आहेत. परंतु जो तुडवला असतां तुडवणाऱ्याच्याच पायास धरून पुढच्या शेतांत जातो असा शत्रू सराटा होय. यासच लहान गोखरू असेंही म्हणतात. तो जमिनीसरपट हात-दोन हात चहूंकडे पसरतो. पानें हरभऱ्याच्या पानांची आठवण देतात. फूल पिवळें व पांच पाकळ्यांचें असतें. फळ वाळलें म्हणजे त्याच्या पांच फांकी सुट्या होतात. प्रत्येक फांकीस ताठ कांटे असून ती कशीही पडली तरी एखादा कांटा वर राहतोच.

आम्ही महसुली कारकुनी संपवून गांवीं परतलों, तेव्हां घरापुढील हरळीच्या अंगणांत व लगतच्या खळ्यांत सराटा माजला होता. भाद्रपद सरतां सरतां आम्हीं तो उपटून उकिरड्यावर टाकला आणि काम फत्ते झालें असें समजलों. पुढील वर्षीं तें खत शेतांत गेलें व त्याबरोबर सराटेही गेले. ऐन पेरणींत एक बैल लंगडूं लागला. खुराच्या बेचक्यांत सराटा रुतून पू धरला होता. पाभर चार दिवस उभी राहिली व वाफसा निघून गेला. पुढें निंदणीस आलेल्या बायांपैकीं एक वृद्ध बाई म्हणाली, “भाऊसाहेब, मजुरी कमी द्या, पण त्या पट्ट्यांत आम्हांला घालूं नका.” तिच्या अनवाणी टांचेकडे पाहून आम्हांस आमच्याच आळसाची लाज वाटली.

आमची चूक वेळेची होती. फळ धरल्यावर उपटलेला सराटा मेला तरी त्याचें बीं मरत नाहीं. शिवाय फांकींतील सर्व बिया एकाच वर्षीं उगवत नाहींत. कांहीं उगवतात, कांहीं जमिनींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. दप्तरी भाषेंत सांगावयाचें तर ही थकबाकी आहे. ती एका हप्त्यांत फिटत नाहीं, परंतु नवी बाकी चढूं दिली नाहीं तर फिटल्यावांचून राहत नाहीं.

याकरितां अनुभवानें ठरलेला क्रम वाचकांपुढें ठेवतों.

मृगाच्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत रोपें दिसूं लागतात. त्याच वेळीं खुरप्यानें, फांद्या फुटतात त्या जागेच्या खालून सोटमूळ कापावें. तेथून कापलेलें रोप पुन्हां फुटत नाहीं. मोकळ्या रानांत कोळपें पुरेसें आहे. एक फेरी करून थांबूं नये. प्रत्येक मोठ्या पावसानंतर नवी रोपें येतात, म्हणून दसऱ्यापर्यंत पंधरवड्यास एक फेरी ठेवावी. उन्हाळ्यांत जेथें पाणी देतां तेथेंही नजर असावी.

फळ दिसलें तर उपटलेलें झाड जागीं टाकूं नये, बांधावर टाकूं नये, उकिरड्यावर तर नाहींच. पोत्यांत भरून न्यावें व वाळल्यावर जाळावें. पडलेल्या सराट्यांकरितां जुनें घोंगडें अथवा ओलें गोणपाट अंगणावरून दाबून ओढावें. कांटे त्यांत रुतून बाहेर येतात. नंतर तें झटकूं नये, जाळावें. खोल नांगरटीनें सराटा गाडण्याचा मोह टाळावा. खोल गेलेलें बीं निजून राहतें व पुढील नांगरटीस वर येतें.

हरळी शेतांत शत्रू आहे, अंगणांत मात्र तीच रखवालदार होय. सराट्यास उघडी, तुडवलेली जमीन व ऊन लागतें. हरळी दाट राखावी, अगदीं मुळाशीं कापूं नये, टक्कल पडलेल्या जागीं तिचे तुकडे लावून पाणी द्यावें.

टू-फोर-डी हें औषध रुंद पानाचें तण मारून हरळीस बहुधा वांचवतें. तथापि तें कोंवळ्या रोपांवरच नीट चालतें, पडलेल्या सराट्यांचें कांहीं करीत नाहीं, आणि वाऱ्यानें कपाशीवर किंवा द्राक्षावर गेलें तर त्यांची हानि करतें. म्हणून डब्यावरील सूचना वाचल्याशिवाय व शेजाऱ्याचें पीक पाहिल्याशिवाय तें वापरूं नये. अमेरिकेंत सायकलींच्या चाकांस भोंकें पाडून या तणानें इतका उच्छाद मांडला कीं 1961 सालीं इटलींतून त्याचें बीं व देंठ पोखरणारे सोंडे नेऊन सोडण्यांत आले. त्यांनीं तणाचा जोर कमी केला, निर्मूलन केलें नाहीं.

आयुर्वेदांत गोखरू दशमुळांपैकीं एक आहे, म्हणून तो राहूं द्यावा असें कोणी म्हणतात. औषधाकरितां ज्यास हवा त्यानें वेगळ्या वाफ्यांत लावावा, वाटेवर नको.

शेवटीं एक विनंती. आपलें शेत स्वच्छ करून भागत नाहीं. पाणंद, चावडीपुढील मैदान व सामाईक बांध कोणाच्याच खात्यावर नसतात, आणि सराटा तेथूनच बैलांच्या खुरांनीं व ट्रॅक्टरच्या चाकांनीं पुन्हां आंत येतो. पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या खातेदारांनीं आषाढांत एक दिवस मिळून खुरपें धरलें तर वर्षभराचा त्रास वांचेल.

आमच्या घरीं हें काम सहा वर्षें चालू आहे. गेल्या पावसाळ्यांत अंगणांत बोटांवर मोजण्याइतकींच रोपें निघालीं, आणि त्या पट्ट्यांत बाया आतां बोलावल्यावर येतात. तरी खुरपें आम्हीं अद्याप खुंटीवर ठेवलेलें नाहीं.