बाबागाडीतलं वजन कुठे गेलं?

मे महिन्यात माझी लेक बंगळुरूहून पुण्याला आली, तेव्हा तिच्या कडेवर सात महिन्यांची नात होती, खांद्याला बाळाची पिशवी होती आणि मागे रिक्षावाला साडेबारा किलोची बाबागाडी काढायला धडपडत होता. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती घामाघूम झाली. पाणी पिऊन झाल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हेच, "बाबा, परत जाताना ही गाडी न्यायची नाही. प्रवासाला हलकी गाडी बघू या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. विक्रेत्यानं एक मिटलेली गाडी माझ्या हातात दिली. "उचलून बघा काका, फक्त चार किलो नऊशे." खरंच सहज उचलली गेली. पण मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आहे. त्यामुळे मनात लगेच वजाबाकी सुरू झाली. घरची गाडी साडेबारा किलोची आणि ही पाचाच्या आतली. दोन्हींत बसणारं बाळ तेच आणि रस्ताही तोच. मग मधले साडेसात किलो गेले कुठे?

बाबागाडी घेणाऱ्या प्रत्येक आईबापानं हा प्रश्न विचारावा, असं मला मनापासून वाटतं. वजन कुठून तरी काढून घेतलेलं असतं. काही ठिकाणी ते हुशारीनं काढलेलं असतं, काही ठिकाणी बाळाच्या सोयीतून. लेबलवरचा आकडा दोन्हींसाठी सारखाच दिसतो.

विमानाच्या चाकांवरून आलेली गाडी

बाळाला गाडीत बसवून नेण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम केंट यांनी १७३३ साली ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी तयार केली होती. ती ओढायला लहानसं जनावर जुंपत. पुढची दोनशे वर्षं बाबागाडी जड, उंच आणि दिमाखदारच राहिली.

तिला हलकं केलं ओवेन मॅक्लारेन यांनी. हे विमान अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. त्यांची मुलगी बाळाला घेऊन मॉस्कोहून इंग्लंडला आली आणि जड गाडीनं प्रवासात किती हाल झाले ते तिनं वडिलांना सांगितलं. आजोबा कामाला लागले. १९६५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ पासून गाड्या तयार होऊ लागल्या. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणि वजन सहा पौंड, म्हणजे सुमारे २.७ किलो. ती छत्रीसारखी मिटायची, म्हणून त्या जातीच्या गाड्यांना आजही छत्रीगाडी म्हणतात.

विमानाची चाकं उडताना पोटात मिटावी लागतात, उतरताना क्षणात उघडून पक्की व्हावी लागतात, आदळल्याचा धक्का पचवावा लागतो आणि वजन मात्र शक्य तितकं कमी लागतं. प्रवासाच्या बाबागाडीकडून आपल्याला हेच हवं असतं. मॅक्लारेन यांना आयुष्यभर सोडवलेलं गणित नातवंडासाठी पुन्हा एकदा सोडवायचं होतं.

पोकळ नळीचं बळ

पहिले दोन-तीन किलो सांगाड्यातून निघतात आणि ते हुशारीनं निघतात. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे वजन जवळजवळ एकतृतीयांश. पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एकतृतीयांशच असतो. त्याच मापाची नळी ॲल्युमिनियमची केली, तर ती त्याच भाराखाली तिप्पट वाकेल.

यावरचा उपाय बांबूनं फार आधीच शोधलेला आहे. बांबू पोकळ असतो आणि त्याचा सगळा माल बाहेरच्या कडेला असतो. वाकण्याला विरोध करण्याचं काम तीच कड करते, मधला गाभा फारसं काही करत नाही. पातळ भिंतीच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी तीच ठेवली, तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट होतो. म्हणून चांगल्या हलक्या गाडीच्या नळ्या बारीक नसतात. त्या जाड दिसतात आणि उचलल्यावर हलक्या लागतात.

दुकानात हे तपासायला उपकरण लागत नाही. गाडी उघडा, हँडल दोन्ही हातांनी धरा आणि एक हात पुढे, एक मागे असा पीळ द्या. चांगला सांगाडा थोडा लवचिक लागतो, पण खुळखुळत नाही. खुळखुळणारी गाडी वळताना आधी स्वतः पिळवटते आणि मग वळते.

बिजागऱ्याही नीट बघाव्यात. जे मिटतं त्यात बोट सापडू शकतं. मॅक्लारेन याच नावाच्या सुमारे दहा लाख गाड्या २००९ साली अमेरिकेत दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, कारण बिजागरीत सापडून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. त्यानंतर बिजागऱ्यांवर कापडी आवरणं देण्यात आली. गाडी उघडताना आणि मिटताना मूल हातभर लांब हवं, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा.

दोन सेंटिमीटरचा डोंगर

पुढचा किलो-दीड किलो चाकांतून निघतो आणि इथे हिशेब बदलतो. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर लहान चाक आणि मोठं चाक यांतला फरक कळतच नाही. तो कळतो फुटपाथवर, जिथे एखादा पेव्हर ब्लॉक शेजाऱ्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर आलेला असतो.

चाकाला पायरी चढायची असेल, तर आसाला किती जोरानं पुढे ढकलावं लागेल हे साध्या भूमितीनं काढता येतं. चाकावर दहा किलोचा भार आहे असं धरू. चाकाचा व्यास १४ सेंटिमीटर असेल, तर दोन सेंटिमीटरच्या त्या कडेवर चढायला जवळजवळ दहा किलोचा रेटा लागतो, म्हणजे भार उचलण्याइतकाच. व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर तेच काम सहाच्या आत होतं. पायरी चाकाच्या त्रिज्येइतकी उंच असेल, तर नुसतं पुढे ढकलून ते चाक कधीच चढणार नाही. गाडी तिथेच थांबेल आणि बाळ पुढे झुकेल.

वर्गातल्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारायचो, मैदानावरचा रोलर ढकलणं सोपं की ओढणं? ओढणं सोपं. तिरकं ढकललं की जोराचा काही भाग रोलरला जमिनीत दाबतो आणि तिरकं ओढलं की तो त्याला किंचित उचलतो. बाबागाडीलाही हेच लागू आहे. फुटपाथची कड आली की गाडी फिरवावी, आपण आधी चढावं आणि ती उलटी, मागच्या चाकांवरून ओढून घ्यावी. बाळाला हिसका बसत नाही आणि पुढची नाजूक चाकं वाचतात.

ही पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी स्वतःभोवती फिरतात. चाक जमिनीला टेकतं ती जागा फिरत्या खिळ्याच्या थोडी मागे असते, म्हणून गाडी जिकडे वळेल तिकडे चाक आपोआप मागे लागतं. खडबडीत रस्त्यावर मात्र ते थरथरू लागतं. त्यासाठी चाक सरळ दिशेत पक्कं करणारा खटका आहे का, ते बघावं.

हँडलला अडकवलेली पिशवी

हलक्या गाडीचा सर्वांत फसवा धोका उलटण्याचा आहे. तो समजून घ्यायला मी शेजाऱ्यांकडून त्यांची सहा किलोची छत्रीगाडी मागून आणली. बाळाच्या जागी आठ किलो तांदळाची पिशवी ठेवली आणि टेपनं मापं घेतली. गाडीचं स्वतःचं वजन मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर पुढे पडत होतं, तांदळाचं २५ सेंटिमीटर पुढे. हँडल आसाच्या २५ सेंटिमीटर मागे होतं.

आता हा सरळ तराजू झाला. मागचा आस म्हणजे तराजूची दांडी जिथे टेकते ती जागा. पुढच्या बाजूला सहा गुणिले २० आणि आठ गुणिले २५, एकूण ३२०. मागच्या बाजूला पिशवीचं वजन गुणिले २५. म्हणजे जवळजवळ पावणेतेरा किलोची पिशवी लावल्यावर गाडी उलटेल. इतकं सामान कोण लावतं, असं वाटून आपण निर्धास्त होतो.

मग मी गाडीची पाठ आडवी केली. तांदूळ मागे सरकले आणि त्यांचं अंतर १२ सेंटिमीटरवर आलं. मर्यादा साडेआठ किलोच्या आसपास उतरली. शेवटी हँडलला पाच किलोची भाजीची पिशवी लावून मी तांदूळ उचलले. गाडी मागच्या मागे आपटली. रिकाम्या गाडीची मर्यादा पाच किलोपेक्षाही कमी होती.

रोजच्या आयुष्यात हा क्षण कधी येतो? बाळाला गाडीतून उचलताना. त्याहून वाईट म्हणजे बाळ अर्धं बसवलेलं असताना, पट्टा लावायचा बाकी असताना. जड गाडी या चुका पोटात घालते, हलकी गाडी घालत नाही. म्हणून सामान सीटखालच्या जाळीत ठेवावं, म्हणजे ते दोन्ही आसांच्या मध्ये आणि जमिनीजवळ राहतं. उरलेलं आपल्या पाठीवर घ्यावं.

बाळाची मान

आणखी किलोभर वजन पाठीच्या टेकूतून निघतं. हे जिथून निघतं, तिथे सर्वांत जास्त जपायला हवं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एकचतुर्थांश असतं. मोठ्या माणसाचं एकअष्टमांशाच्या आसपास. एवढं डोकं सांभाळायला मानेचे स्नायू चौथ्या महिन्याच्या सुमारास तयार होतात आणि आधाराशिवाय बसणं साधारण सहाव्या महिन्याच्या मागेपुढे जमतं. त्याआधी बाळ उभट सीटवर झोपलं, तर हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनलिका दबू शकते. बाळ रडत नाही, कारण त्याला रडायला हवा मिळत नाही. आपल्याला मात्र ते शांत झोपलंय असं वाटतं.

युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार सीट आणि पाठ यांच्यातला कोन १५० अंशांपर्यंत उघडत नसेल, तर ती गाडी सहा महिन्यांखालच्या बाळासाठी नाही. दुकानातली चार किलो नऊशे ग्रॅमची गाडी जेमतेम थोडीशी मागे झुकत होती. आमची नात सात महिन्यांची आहे, बसते. पण प्रवासात ती बसल्यापेक्षा झोपलेली जास्त असते.

ऊन आणि धूर

गाडीचं छत बघताना आपण पावसाचा विचार करतो, हवेचा करत नाही. बाळ झोपलं की ऊन लागू नये म्हणून आई मायेनं ओढणी टाकते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली हे मोजून पाहिलं. कोरड्या मलमलीनं गाडी झाकली, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून अधिक वाढलं. तीच मलमल ओली करून लहान पंखा लावला, तेव्हा ते साडेचार अंशांहून अधिक उतरलं. पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं, आपल्या माठासारखं. पण माठ विदर्भात जितका गार करतो, तितका कोकणात करत नाही. मुंबईच्या दमट हवेत ओल्या कापडावर फार भिस्त ठेवू नये. लांब छत, मागे जाळीची खिडकी आणि मोकळा वारा हेच खरं.

इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. गाडीतल्या बाळाचं नाक जमिनीपासून साधारण ०.५५ ते ०.८५ मीटरवर असतं आणि वाहनांच्या धुराड्यांमधला धूर पहिल्या मीटरभरातच दाट असतो. शाळेच्या वेळी गाडीतलं बाळ आईबापांपेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवा घेतं, असं त्यांच्या २०२० सालच्या मोजणीत दिसलं. सिग्नलला उभं राहताना आपण दोन पावलं मागे थांबावं. आपण मागे असलो, तरी बाळ आपल्या पुढे, धुराजवळ असतं.

टेप घेऊन दुकानात

विमानप्रवासासाठी एक बारकावा. 'केबिन साइझ' असं लिहिलेल्या बऱ्याच गाड्या ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर या आंतरराष्ट्रीय मापाला धरून केलेल्या असतात. आपल्या देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाची मर्यादा साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि सात किलो असते. मधलं माप दहा सेंटिमीटरनं चुकतं. बहुतेक कंपन्या बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि तिथून ती सामानाच्या पोटात जाते. तिकीट काढतानाच विचारावं आणि गाडीला जाड पिशवी घ्यावी. लोकलच्या गर्दीत किंवा एसटीत तर कुठलीच गाडी नको. तिथे बाळ छातीशी बांधलेलंच बरं.

आमच्या लेकीनं दुकानात नातीला कडेवर घेतलं आणि एका हातानं गाडी मिटता येते का ते पाहिलं. चार किलो नऊशेची मिटली, पण तिची पाठ आडवी होत नव्हती आणि चाकं माझ्या मुठीपेक्षा थोडीच मोठी होती. शेवटी सात किलो दोनशेची घेतली. तिची पाठ जवळजवळ आडवी होते, चाकं मोठी आहेत, पट्टा पाच जागी अडकतो. दोन किलो तीनशे ग्रॅम आम्ही जाणूनबुजून परत घेतले.

जुनी गाडी आता आमच्या गॅलरीत आहे, पुढच्या सुट्टीची वाट बघत. लेक निघाली त्या पहाटे तिनं नातीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं नवी गाडी मिटली आणि दोन मजले न थांबता उतरली. मी तिच्या मागे उतरत होतो. खाली गाडी उघडली, नात बसली, पट्टा लागला. बाळाची पाच किलोची पिशवी मात्र रिक्षा येईपर्यंत मी माझ्याच खांद्यावर ठेवली.