गाळात सापडलं, औषध झालं नाही

सेल्मन वॅक्समन यांच्या रटगर्समधल्या प्रयोगशाळेत १९४३ साली मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि औषधकंपन्यांनी जगभरची माती चाळायला घेतली. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सनेही हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मातीतल्या जिवाणूपासूनच मिळवलं. समुद्राकडे मात्र फारसं कोणी वळलं नाही. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत क्लॉड झोबेल आणि त्यांचे सहकारी रोझेनफेल्ड यांनी समुद्री जिवाणू इतर जिवाणूंना मारक द्रव्यं तयार करतात हे १९४७ मध्येच दाखवून दिलं होतं. पण मातीतूनच भराभर औषधं निघत असताना खाऱ्या पाण्यात हात घालणार कोण?

सत्तरच्या दशकात तो हात जपान्यांनी घातला. योशिरो ओकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियोजवळच्या सागामी उपसागरातल्या गाळातून स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू वाढवले. त्यांतून आधी अ‍ॅप्लास्मोमायसिन मिळालं, मग इस्तामायसिन. तरीही एक आक्षेप जाता जात नव्हता: हे जिवाणू मूळचे समुद्राचे नाहीतच, जमिनीवरचे बीजाणू नद्यांबरोबर वाहत येऊन गाळात निपचित पडलेले आहेत. आक्षेपात तथ्य होतं, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला.

त्याचं उत्तर पुन्हा स्क्रिप्समधूनच आलं. विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांनी बहामा बेटांजवळचा गाळ तपासला, तेव्हा त्यात समुद्राच्या पाण्याशिवाय वाढायलाच तयार नसलेले जिवाणू निघाले. गोड्या पाण्यात जो जगत नाही, तो जमिनीवरून वाहत आला असं कसं म्हणणार? २००५ मध्ये या गटाला सॅलिनिस्पोरा हे अधिकृत नाव मिळालं. त्याच्याच एका जातीपासून निघालेलं सॅलिनोस्पोरामाइड कर्करोगाच्या चाचण्यांपर्यंत गेलं. सॅलिनिस्पोराची दुसरी एक जात रिफामायसिन तयार करते. हा रेणू पन्नाशीच्या दशकात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या मातीतल्या जिवाणूत सापडला होता आणि क्षयाच्या गोळीतलं रिफाम्पिसिन त्याच्यापासूनच बनतं. समुद्रात सगळंच नवं असतं, असंही नाही.

नवंही बरंच मिळालं. जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलीवरून आणलेल्या गाळातल्या जिवाणूने अ‍ॅबिसोमायसिन दिलं. २००४ साली ते जाहीर झालं तेव्हा त्याचं कौतुक झालं आणि ते रास्त होतं. जिवाणू आपलं फोलेट स्वतः बनवतात, त्या साखळीतला एक दुवा हा रेणू तोडतो. माणूस फोलेट अन्नातून घेतो, त्याच्याकडे ती साखळीच नाही. शत्रूला लागेल आणि आपल्याला लागणार नाही, अशी ही जागा. २००८ मध्ये मरिनोपायरोल आलं. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसला, म्हणजे रुग्णालयांची झोप उडवणाऱ्या एमआरएसएला, ते काचेच्या बशीत सहज मारत होतं. मानवी रक्तद्रव मिसळताच त्याची धार गेली. २०१३ मध्ये सांता बार्बराजवळच्या गाळातून अँथ्रासिमायसिन मिळालं. ते अँथ्रॅक्सच्या जिवाणूवर चाललं, एमआरएसएची लागण झालेले उंदीरही त्याने वाचवले.

माझ्या मते या काळातली सर्वांत मोठी कमाई मात्र रेणूंची नाही, जिवाणू वाढवण्याच्या रीतीची आहे. गाळातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या खुराकावर वाढतच नाहीत. २००२ मध्ये किम लुईस, स्लाव्हा एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या गाळातले जिवाणू दोन पातळ पडद्यांमध्ये कोंडले आणि ती डबी पुन्हा गाळावरच ठेवली. अन्नद्रव्यं पडद्यांतून आत जात, जिवाणू बाहेर पडत नसत. एरवी न वाढणारे जिवाणू वाढू लागले. त्याच कल्पनेच्या सुधारलेल्या उपकरणातून २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन हाती लागलं. गंमत अशी, की ते निघालं जमिनीवरच्या मातीतून.

समुद्राच्या गाळातल्या जिवाणूने दिलेलं एकही प्रतिजैविक अजून औषधाच्या दुकानात पोचलेलं नाही. याचा दोष समुद्राला देता येत नाही. काही रेणू शरीरात टिकत नाहीत हे खरं, पण त्याहून मोठी अडचण पैशाची आहे. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. त्यातही नवं प्रतिजैविक डॉक्टर शहाणपणाने राखून ठेवतात, कारण सरसकट वापरलं तर जिवाणू त्यालाही सरावतात. म्हणजे औषध जितकं मोलाचं, तितका त्याचा खप कमी. अकाओजेन या अमेरिकी कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. प्लाझोमायसिन समुद्रातलं नव्हे. पण अँथ्रासिमायसिन उद्या सगळ्या चाचण्यांतून पार पडलं, तरी त्याला विकत घेणारा बाजार हाच आहे.