मेक्सिकोची रोडकी संतीण

नकाशात अमेरिकेच्या खाली मेक्सिको देश दिसतो ना? तिथे एका संतीणीची पूजा होते, आणि ती आहे चक्क हाडांचा सापळा! नाव सांता मुएर्ते, म्हणजे मरणाची संतीण. अंगात पायघोळ झगा, एका हातात गवत कापायचा लांब दांड्याचा विळा, दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल. लोक लाडाने तिला 'फ्लाकिता' म्हणजे 'रोडकी' म्हणतात.

पूर्वी बायका ही पूजा घरातल्या घरात, गुपचूप करीत. मेक्सिको शहरात तेपितो नावाची गोरगरिबांची वस्ती आहे. तिथल्या एन्रिकेता रोमेरो या बाईंनी २००१ साली माणसाएवढी मूर्ती घराबाहेर रस्त्यालगत मांडली. मग काय, गर्दीच लोटू लागली! फेरीवाले येतात, टॅक्सीवाले येतात, ज्यांची मुले तुरुंगात आहेत अशा आयाही येतात. कुणी सफरचंद ठेवतो, कुणी पाव, कुणी पेटती सिगारेटसुद्धा. मेणबत्तीचा रंग मागण्याप्रमाणे. सोनेरी पैशासाठी, लाल प्रेमासाठी.

कॅथलिक चर्चला हे मुळीच मान्य नाही. संत म्हणजे जगून गेलेला पुण्यवान माणूस. मरण हा काही माणूस नव्हे, असे धर्मगुरू सांगतात. शिवाय गुन्हेगारही तिला भजतात. म्हणून २००९ साली सरकारने सरहद्दीजवळची तिची देवळे पाडली. पण तेवढ्यावरून सगळेच भक्त गुन्हेगार कसे ठरतील?

भक्त म्हणतात, ही श्रीमंत-गरीब बघत नाही, सगळ्यांना सारखीच नेते. आणि तिच्याकडे मागतात काय? तर घातपाताने मरण नको. ये, पण उशिरा ये.