मे म्हणजे मे महिना नव्हे



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी सांगितले की प्रत्येकाने स्वतःला समजलेली एक गोष्ट लिहून आणा. मला इंग्रजीतला एक छोटा शब्द समजला. पण तो समजायला फार उशीर झाला. तुम्हाला होऊ नये म्हणून लिहिते.

तो शब्द म्हणजे 'मे'.

आपण हा शब्द रोज म्हणतो. वर्गाच्या दारात उभे राहून विचारतो, "मे आय कम इन, मॅडम?" म्हणजे मी आत येऊ का? हा परवानगीचा मे झाला. दुसरा मे महिना. तो सुट्टीचा आणि आंब्यांचा. मला हे दोनच मे माहीत होते. तिसरा मे माहीत नव्हता, आणि त्याच्यामुळे आमच्या घरी घोटाळा झाला.

आमचे गाव चाकणच्या बाजूला आहे. माझे बाबा एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. गेल्या जानेवारीत काम कमी झाले म्हणून त्यांना घरी बसायला सांगितले आणि हातात एक इंग्रजी कागद दिला. आजोबांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. आईबाबांनाही पाचवीपासूनच होती. सन २००० पासून ती पहिलीपासून झाली. म्हणून आमच्याकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याच हातात देतात. आजी म्हणाली, "काय लिवलंय गं पोरी? वाच की."

कागदात शेवटी लिहिले होते, "यू मे बी कॉल्ड अगेन." मला कॉल म्हणजे बोलावणे येत होते. अगेन म्हणजे पुन्हा, तेपण येत होते. मी ऐटीत सांगितले, "बाबा, तुम्हाला मे महिन्यात पुन्हा बोलावणार आहेत!"

आजीने देवापुढे साखर ठेवली. मार्चमध्ये एका व्यापाऱ्याने बाबांना कांद्याच्या टेम्पोवर बोलावले होते. बाबा म्हणाले, "दोन महिन्यांसाठी कशाला? मेमध्ये माझं काम चालू होतंय." ते गेले नाहीत. मे महिना आला. बाबा मोबाइल उशाशी घेऊन झोपायचे. विहिरीवर जातानासुद्धा बरोबर न्यायचे. एकतीस तारीख झाली तरी फोन आला नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. बाईंनी फळ्यावर लिहिले, "इट मे रेन टुडे." मी लगेच उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, पण आता तर जून चालू आहे!" सगळा वर्ग हसला. बाईंनी सगळ्यांना गप्प केले आणि म्हणाल्या, "हिने चांगलं विचारलं. हा मे महिना नाही. याचा अर्थ आज पाऊस पडेल, किंवा नाहीही पडणार. नक्की नाही." तेव्हा मला बाबांचा कागद आठवला आणि पोटात एकदम गोळा आला.

मधल्या सुट्टीत मी बाईंना सगळे सांगितले. त्यांनी मला ओळखायची खूण दिली. महिन्याच्या नावाचे पहिले अक्षर नेहमी मोठ्या लिपीत असते, आणि 'मे महिन्यात' म्हणायचे तर त्याच्या आधी 'इन' येते. शक्यतेचा मे वाक्याच्या मधे असतो, पहिले अक्षर लहान, आणि त्याच्या पाठीमागे क्रियापद येते. कागदातला मे लहान अक्षराचा होता. मी घरी जाऊन पाहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक शिडी काढली. ती खात्रीची शिडी. वरून खाली यावे तशी खात्री कमी होत जाते. ती अशी :

सगळ्यात वर विल. "द बस विल कम." बस येणार. बोलणाऱ्याला खात्री आहे.

त्याच्या खाली मस्ट. डोळ्यांनी पाहिले नाही, पण खूण पाहिली. आजोबांच्या वहाणा दारात आहेत आणि काठी कोपऱ्यात आहे. "ही मस्ट बी ॲट होम." आजोबा घरातच असणार.

त्याच्या खाली शुड. रोजच्या रीतीवरून बोलायचे. कामगारांची बस रोज सातला येते. "द बस शुड कम ॲट सेव्हन." सातला यायला पाहिजे.

मधल्या पायरीवर मे. येईल, नाहीतर नाही येणार.

त्याच्या खाली माइट आणि कुड. कदाचित आली तर आली. बाई म्हणाल्या, मे आणि माइट यांच्यात फरक थोडासाच आहे. पुष्कळ लोक एकाच्या जागी दुसरा वापरतात.

सगळ्यात खाली कान्ट. आजोबा आत्ताच माझ्यासमोर बाजाराला गेले. "ही कान्ट बी ॲट होम." ते घरी असूच शकत नाहीत.

आता दोन नियम सांगते. या शब्दांच्या पाठीमागचे क्रियापद जसेच्या तसे ठेवायचे. "ही मे कम" म्हणायचे. "ही मे कम्स" किंवा "ही मे टू कम" चूक आहे. मला यातच लाल रेघ मिळाली होती. दुसरा नियम असा की 'मे बी' तोडून लिहिले तर 'असू शकेल' होते, आणि 'मेबी' जोडून लिहिले तर 'कदाचित' होते.

तुम्हाला वाटेल ही शिडी फक्त इंग्रजीतच आहे. तसे नाही. आपल्या मराठीत ती क्रियापदातच लपलेली असते. बाबा आले असणार, आले असतील, आले असावेत, आले असू शकतील. बघा, खात्री कशी वरखाली होते! माझ्या आजोबांना ही शिडी न शिकताच येते. चाकणच्या कांदा बाजारात व्यापारी म्हणाला, "भाव वाढंल." आजोबांनी लगेच विचारले, "वाढंल का वाढणार, नीट सांगा."

झालेल्या गोष्टीचा अंदाजसुद्धा करता येतो. १६६० साली शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडवला. हे घडलेले आहे, इथे मे नको. पण किल्ल्यातली माणसे किती दमली असतील, ते आपण मनाने ठरवतो. म्हणून म्हणायचे, "दे मस्ट हॅव बीन टायर्ड." ती दमली असणार.

मी बाईंना विचारले, नक्की माहीत नसेल तर माणसांनी बोलूच नये ना? बाई म्हणाल्या, "मग वेधशाळेने काय करायचं?" पुण्याला शिवाजीनगरला वेधशाळा आहे. हवामान खात्याचे ऑफिस १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून लोक त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खाते एप्रिल महिन्यात पावसाळ्याचा अंदाज देते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल ते सांगते, आणि आमचा अंदाज पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतो हेही सांगते. एवढी शिकलेली माणसे, पण जे नक्की नाही ते नक्की म्हणून सांगत नाहीत. मला ते आवडले. मे म्हणणे खोटे नाही. मे ऐकून विल समजणे ही चूक आहे. ती मी केली होती.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळे सांगितले. मला रडू आले. बाबा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू एकटी कशी चुकशील? मीपण दुसऱ्या कोणाला विचारलं नाही." टेम्पोचे काम तोवर दुसऱ्याला मिळाले होते. आता बाबा बाजारात गोण्या उतरवायला जातात.

म्हणून मित्रांनो, घरी इंग्रजी कागद आला तर विल, मे, माइट या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि मगच अर्थ सांगा. अडले तर बाईंना विचारा. विचारायची लाज वाटू देऊ नका.

परवा बाबांनी दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज दिला. घरी आले ते हसतच. म्हणाले, "साहेब 'विल कॉल' म्हणाले गं. मी नीट ऐकलं. सोमवारी." मी म्हणाले, "बाबा, विल हा सगळ्यात वरच्या पायरीचा. पण तो त्या साहेबांचा शब्द आहे. फोन येईपर्यंत गोण्यांचं काम सोडू नका." आजी म्हणाली, "पोरगी शानी झाली."

सोमवार अजून यायचा आहे.

ओळखा पाहू!
मुलगा आईला विचारतो, "मे आय गो टू मामाज हाऊस इन मे?" आई म्हणते, "यू मे गो, बट इट मे रेन." यात किती मे आहेत आणि कोणकोणते?

उत्तर : चार. पहिला परवानगी मागणारा, दुसरा महिना, तिसरा परवानगी देणारा, चौथा शक्यतेचा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी